डब्याच्या मधोमध पोचलेली उष्णता: एफ झीरोचा हिशोब मी कसा केला

टोमॅटोच्या दाट रसातले घेवड्याचे दाणे डबाबंद करायचे असं आमच्या युनिटमध्ये ठरलं आणि जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या निर्जंतुकीकरणाचा वेळ आणि तापमान ठरवायची फाइल माझ्या टेबलावर आली. गुणवत्ता विभागात मी आधीपासून काही उत्पादनं सांभाळत होते, पण त्यांचे वेळ-तापमानाचे तक्ते मी येण्याच्या कितीतरी आधी भिंतीवर लागलेले होते. १२१ अंश आणि अमुक मिनिटं, एवढंच आम्ही पाळायचो. ती मिनिटं कुठून येतात हे शोधायला गेले तर पुस्तकांत सूत्रं मिळाली आणि यंत्रं विकणाऱ्यांकडे माहितीपत्रकं. सकाळी रिटॉर्टसमोर (दाबाखालच्या वाफेने डबे तापवायच्या बंद भांड्यासमोर) उभं राहून नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी लिहिलेलं सापडेना. आमची प्रक्रिया जूनमध्ये मंजूर झाली. ज्यांच्यासमोर हे काम पहिल्यांदाच येणार आहे त्यांच्यासाठी झालं तसं क्रमाने लिहिते.

सुरुवात पीएचपासून, म्हणजे सामूपासून करावी लागते. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विषारी जिवाणूचे बीजाणू (म्हणजे त्याची उष्णता सोसणारी सुप्त रूपं) वाढू शकत नाहीत आणि उकळत्या पाण्याइतक्या तापमानावर काम भागतं. ४.६ च्या वर सामू आणि ०.८५ च्या वर जलक्रिया (जिवाणूंना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप) असली, की पदार्थ कमी आम्लाच्या गटात जातो आणि दाबाखालच्या वाफेला पर्याय राहत नाही. आमच्या नुसत्या रसाचा सामू ४.३ आला तेव्हा उत्पादन विभागात आनंदीआनंद झाला. पण मोजायचा असतो तो समतोल सामू: डबा भरून, प्रक्रिया होऊन, दाणे आणि रस एकमेकांत मुरल्यावर सगळं एकत्र वाटून घेतलेला. तो ५.२ च्या आसपास आला. घेवड्याचा दाणा रसाची आंबटाई चांगलीच शोषून घेतो. टोमॅटो दिसला की पदार्थ आंबट धरून चालायचा मोह होतो, म्हणून हे आधी लिहिलं. एका साध्या मीटरवर होणारं हे काम पुढची सगळी दिशा ठरवतं.

मग वाचन. मुळात भीती कशाची आहे हे नीट समजून घ्यायचं होतं. बोट्युलिनमचे बीजाणू मातीत असतात, हवा नसलेल्या डब्यात ते रुजतात आणि त्यांचं विष माणसाचे श्वसनाचे स्नायू लुळे पाडतं. डबा फुगला तर निदान कळतं, पण दर वेळी तो फुगेलच असं नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत कमी शिजलेल्या डबाबंद सूपमुळे एक माणूस दगावला, आणि १९७३ मध्ये तिथले कमी आम्लाच्या डबाबंद पदार्थांचे नियम आले. या बीजाणूंना मारायला किती उष्णता लागते हे एस्टी आणि मेयर यांनी १९२२ मध्ये मोजून ठेवलं होतं. आज सर्वत्र धरला जाणारा आकडा असा: १२१.१ अंश सेल्सिअसला (म्हणजे २५० अंश फॅरनहाइटला) ०.२१ मिनिटात दर दहातले नऊ बीजाणू मरतात. हे त्यांचं डी मूल्य. अशा बारा पायऱ्या उतरायच्या, म्हणजे ०.२१ गुणिले १२, अडीच मिनिटांपेक्षा किंचित जास्त. व्यवहारात ते ३ मिनिटं धरतात. प्रत्येक डब्यात एक बीजाणू होता असं मानलं, तर बारा पायऱ्यांनंतर लाख कोटी डब्यांत मिळून एक उरेल, इतकं ते सुरक्षित.

तीनच मिनिटं? मग आमच्या भिंतीवरच्या तक्त्यांत तासाभराचे आकडे का, असं मला वाटलं होतं. उत्तर असं की ही तीन मिनिटं रिटॉर्टची नाहीत, डब्यातल्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूची आहेत. तो बिंदू १२१.१ ला बहुतेक कधी पोचतच नाही. तो १०८, ११२, ११५ असा चढत असतो आणि त्या प्रत्येक अंशावर थोडेथोडे बीजाणू मरत असतात. त्या थोड्याथोड्याची बेरीज म्हणजे एफ झीरो.

बेरीज करायला आणखी एक आकडा लागतो, झेड मूल्य. या बीजाणूंसाठी ते १० अंश सेल्सिअस धरतात. तापमान १० अंशांनी उतरलं की तेवढाच परिणाम साधायला दहापट वेळ लागतो. १२१.१ ला १ मिनिटाची किंमत १ मिनिट, १११.१ ला ०.१, १०१.१ ला ०.०१. मधल्या तापमानांसाठी, तापमानातून १२१.१ वजा करायचे, १० ने भागायचं आणि येईल तो १० चा घात करायचा. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात हे सूत्र लिहिलं की संपलं. एकदा मी हे उकळत्या पाण्याला लावून पाहिलं: १०० अंशांवर ३ मिनिटांचा एफ झीरो गाठायला साधारण साडेसहा तास लागतात. डबा पाण्यात तासभर उकळला म्हणजे झालं, असं कुणी म्हटलं की मी आता हाच आकडा सांगते.

आपली प्रक्रिया आपणच ठरवून आपणच मंजूर करायची नसते. त्यासाठी प्रोसेस ऑथॉरिटी, म्हणजे या विषयातली जाणकार व्यक्ती किंवा संस्था लागते. आमच्या बाजूने ज्या मॅडम होत्या त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “लक्ष्य किती धरणार आहेस?” मी ३ म्हणाले. त्या म्हणाल्या, “३ माणूस वाचवायला. माल वाचवायला किती?” बोट्युलिनमपेक्षा चिवट, पण विषारी नसलेले बीजाणूही असतात. चाचण्यांत बोट्युलिनमच्या जागी वापरतात त्या पीए ३६७९ या जिवाणूचं डी मूल्यच १ मिनिटाच्या आसपास असतं. त्याच्या पाच पायऱ्या धरल्या तरी ५ मिनिटं होतात. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस तर १२१ अंशांवर चार-पाच मिनिटांत कुठे एक पायरी उतरतो. तो गरम गोदामात वाढतो, डबा न फुगवता आतला माल आंबवतो. त्याला उष्णतेने संपवायला गेलं तर घेवड्याचा लगदा होईल, म्हणून त्याच्यासाठी डबे लवकर थंड करणं आणि थंड जागी ठेवणं हाच उपाय. शेवटी लक्ष्य ठरलं ६. तेही सर्वांत हळू तापणाऱ्या डब्यात आणि फक्त तापण्याच्या काळातलं. थंड होतानाचा परिणाम मोजायचा नाही, तो वरकड समजायचा.

फेब्रुवारी उपकरणांची वाट पाहण्यात गेला. सगळ्या कामात पैसा सर्वांत जास्त इथे लागतो: थर्मोकपल प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाशी तापमान टिपणारे, त्यांना डब्याच्या भिंतीतून आत नेणारी वाफबंद ग्लँड, आणि आकडे नोंदवणारा लॉगर. त्याखालोखाल खर्च बाहेरच्या प्रयोगशाळेचा. चाचणीत वाया जाणारे डबे त्यामानाने स्वस्त, त्यामुळे डब्यांत काटकसर करू नका. उपकरणं भाड्याने मिळत असतील तर एका उत्पादनापुरतं तेच बरं, मात्र अंशशोधनाचा (कॅलिब्रेशनचा) दाखला ताज्या तारखेचा आहे का ते पाहून घ्या. टी प्रकारचे, म्हणजे तांबं आणि कॉन्स्टँटनचे थर्मोकपल या कामाला वापरतात. साध्या प्रतीच्या तारेत १ अंशाची तफावत मान्य असते, विशेष प्रतीत अर्ध्या अंशाची. वाचताना हे फार किरकोळ वाटतं. पण झेड १० असताना १ अंश म्हणजे एफ झीरोत वर जाताना २६ टक्क्यांची आणि खाली येताना २१ टक्क्यांची चूक. म्हणून सगळे प्रोब आधी बर्फाच्या पाण्यात तपासले आणि मग रिकाम्या रिटॉर्टमध्ये, संदर्भ तापमापकाच्या शेजारी बांधून, १२१ अंशांवर. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची, कारण प्रोब चालणार आहे ते त्या तापमानाला. एक प्रोब सतत ०.८ अंश जास्त दाखवत होता. तो आकड्यांची दुरुस्ती करून वापरता आला असता, पण मॅडमनी बाजूला ठेवायला सांगितलं.

डब्यात प्रोब घालण्याआधी रिटॉर्टचीच परीक्षा होते. भरलेल्या क्रेटमध्ये जागोजागी, डब्यांच्या बाहेर प्रोब लटकवायचे आणि सगळीकडे तापमान सारखं होतं का, कधी होतं, ते पाहायचं. इथे खरा शत्रू हवा. वाफेत हवा अडकून राहिली तर दाबाचा काटा बरोबर दिसतो आणि तापमान मात्र कमी असतं. क्रेटच्या मधोमध, डबे दाटीने रचलेल्या जागी, हवेचा असा खिसा हमखास राहतो. आमचे रिटॉर्टवरचे काका व्हेंट, म्हणजे हवा बाहेर सोडायची वाट, उघडा ठेवून वाफेचा आवाज ऐकत उभे राहायचे आणि आवाजावरून सांगायचे, “अजून हवा आहे आत, मॅडम.” लॉगरवरचे आकडे पाहिले तर त्यांचं म्हणणं जवळजवळ दर वेळी खरं निघायचं. त्यांचा कान नियमात बसवायचा म्हणून आम्ही ते लिहून काढलं: व्हेंट किमान ७ मिनिटं उघडा, आणि तापमापकावर किमान १०५ अंश, दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावरच बंद. वाफ सोडल्यापासून दहाव्या मिनिटाला सगळे प्रोब १२१ वर आले. हा झाला कम-अप टाइम. प्रक्रियेची मिनिटं त्याच्यापुढे मोजायची.

मार्चमध्ये कोल्ड स्पॉटचा, म्हणजे डब्यातल्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागेचा शोध. पातळ ब्राइनमधला (मिठाच्या पाण्यातला) माल डब्यात फिरतो, गरम द्रव कडेने वर जातो आणि मधून खाली येतो. त्यामुळे उभ्या ठेवलेल्या डब्यात सर्वांत थंड जागा मधल्या अक्षावर पण तळाकडे असते. घट्ट माल फिरत नाही, उष्णता त्यातून झिरपत जाते आणि सर्वांत थंड जागा बरोबर मध्यावर असते. आमचा माल या दोन्हींच्या मधला. म्हणून एकाच मापाच्या डब्यांत वेगवेगळ्या उंचीवर प्रोब बसवले. डबा ३०७ बाय ४०९ मापाचा होता. हे आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोड्यासारखे वाटतात: पहिला अंक इंच, पुढचे दोन इंचाचे सोळावे भाग. म्हणजे व्यास ३ पूर्णांक ७ सोळांश इंच, उंची ४ पूर्णांक ९ सोळांश. आमच्या मालाची सर्वांत थंड जागा मध्यबिंदूच्या थोडी खाली निघाली. पुढच्या सगळ्या चाचण्यांत प्रोबचं टोक तिथेच ठेवलं.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावरच लिखाण सगळ्यात कमी आहे: सर्वांत वाईट डबा मुद्दाम तयार करणं. रोजच्या चांगल्या डब्यावर चाचणी घेऊन उपयोग नाही. वर्षभरात लाइनवरून जो सर्वांत हळू तापणारा डबा जाऊ शकेल, तो आज हाताने बनवायचा. आम्ही उत्पादन विभागाबरोबर बसून एकेक बाब काढली. दाण्यांचं वजन जास्तीत जास्त किती भरलं जातं? रसातला स्टार्च मापाच्या वरच्या टोकाला गेला तर किती? दाणे कमी भिजले तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नाने मला चकित केलं. कमी भिजलेला दाणा डब्यात गेल्यावर रसातलं पाणी ओढून घेतो, रस आणखी दाटतो आणि डबा आणखी हळू तापतो. म्हणजे भिजवण्याच्या हौदावरचं घड्याळही निर्जंतुकीकरणाचा भाग झालं. शिवाय सुरुवातीचं तापमान. जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबते, भरलेले डबे क्रेटमध्ये निवत पडतात. आम्ही किमान ६० अंश ठरवलं आणि चाचणीचे डबे तितके निवू दिले.

चाचणीचा दिवस एप्रिलमधला. एका फेरीत किमान दहा डब्यांत प्रोब, बाकी क्रेट साध्या डब्यांनी भरलेला, आणि तारा दरवाजातून बाहेर. वाफ सुरू झाल्यावर करण्यासारखं काही नसतं. आकडे येत राहतात आणि आपण बघत राहतो. पहिल्या फेरीत एका तारेचं जोडकाम सैल झालं आणि त्या डब्याचे आकडे सोडून द्यावे लागले. असं होतंच, दहाचे बारा लावा.

विसाव्या मिनिटापर्यंत तापमान झपाट्याने चढलं आणि मग अचानक चाल मंदावली. मी प्रोबवर संशय घेत होते, पण सगळ्याच डब्यांत तसंच दिसत होतं. संध्याकाळी मॅडमना आलेख पाठवला तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. सुरुवातीला रस पातळ असतो, डब्यात फिरतो आणि उष्णता भराभर आत नेतो. मग स्टार्च फुगतो, रस घट्ट होतो, फिरणं थांबतं आणि पुढची उष्णता नुसती झिरपत जाते. याला तुटलेला वक्र म्हणतात. दाट रसाच्या पदार्थांत तो नेहमीचा आहे. पण हे माहीत नसताना कुणी पहिल्या वीस मिनिटांच्या वेगावरून अंदाज बांधला, तर प्रक्रिया फार अपुरी ठरेल.

आता हिशोब. सर्वांत हळू तापलेल्या डब्याचे आकडे दर पाच मिनिटांनी असे होते. २५ व्या मिनिटाला १०१.२ अंश, ३० ला १०४.७, ३५ ला १०७.५, ४० ला १०९.९, ४५ ला १११.८, ५० ला ११३.४, ५५ ला ११४.८, ६० ला ११५.८, ६५ ला ११६.७ आणि ७० ला ११७.५. तिथे वाफ बंद. या तापमानांच्या मिनिटामागच्या किमती क्रमाने ०.०१०, ०.०२३, ०.०४४, ०.०७६, ०.११७, ०.१७०, ०.२३४, ०.२९५, ०.३६३ आणि ०.४३७. बेरीज करताना पहिली आणि शेवटची किंमत निम्मी धरायची, मधल्या पूर्ण, आणि येणाऱ्या बेरजेला ५ मिनिटांनी गुणायचं. उत्तर ७.७. प्रत्यक्षात लॉगर दर मिनिटाला नोंदी देतो आणि तोच हिशोब जास्त बारीक होतो, पण एकदा तरी हा असा कागदावर करून बघा. बिगेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये मांडलेली ही ‘जनरल मेथड’ इतकीच आहे, आणि वक्र तुटलेला असो वा सरळ, ती कुठेही अडत नाही.

कागदावर केल्याने मला एक गोष्ट दिसली, जी तयार सॉफ्टवेअरच्या एका आकड्यात कधीच दिसली नसती. ४५ व्या मिनिटापर्यंत एफ झीरो जेमतेम १ झाला होता. ६५ व्या मिनिटाला ५.७. आणि शेवटच्या पाच मिनिटांनी एकट्यांनी २ ची भर घातली. म्हणजे वाफ पाच मिनिटं आधी बंद झाली, तर वेळ कमी होतो १४ पैकी एक भाग, आणि निर्जंतुकीकरण कमी होतं चौथ्या हिश्श्याहून जास्त. आमच्याकडे पाळी बदलताना दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होणं कुणाला फारसं मोठं वाटत नसे. हा तक्ता मी काकांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पाळी बदलताना चालू रिटॉर्ट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, असं त्या दिवसापासून स्वतःच ठरवून टाकलं.

थंड होतानाचा भाग मी वेगळा मोजून ठेवला. वाफ बंद होऊन पाणी सुरू झालं तरी डब्याच्या आतला गरम माल लगेच निवत नाही. ७५ व्या मिनिटाला मध्य ११७.१ होता, ८० ला ११२, ८५ ला १०४. यातून आणखी पावणेचारची भर पडत होती आणि एकूण साडेअकरा झाले असते. मालकांचा साहजिक प्रश्न होता, की हे का सोडायचे, वेळ कमी करता येईल, वाफ वाचेल, दाणे कमी मऊ होतील. प्रश्न रास्त आहे आणि काही ठिकाणी तो भाग धरतातही. पण थंड पाण्याचं तापमान आणि जोर ऋतूप्रमाणे बदलतो, आणि त्यावर आमचं नियंत्रण नव्हतं. जे रोज तसंच होईल याची खात्री नाही, ते सुरक्षिततेच्या खात्यात जमा धरू नये असं माझं मत होतं. मॅडमचंही तेच होतं.

बॉल यांच्या १९२३ च्या सूत्रानेही एकदा पडताळा घेतला. त्यात रिटॉर्टचं आणि डब्याचं तापमान यांतला फरक अर्ध-लॉग कागदावर मांडतात. जुने लोक हा कागद चक्क उलटा धरून वापरत, म्हणजे रेघ चढती दिसे. रेघेला एका लॉगची मजल मारायला (म्हणजे तो फरक दहावा हिस्सा उरायला) किती मिनिटं लागतात ते एफ-एच, आणि सुरुवातीची रेंगाळणी दाखवणारा जे. आमच्या आलेखात दोन रेघा आल्या: पहिलीचा उतार जवळपास ३० मिनिटांचा, दुसरीचा ६० चा. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की सुरुवातीचं तापमान किंवा रिटॉर्टचं तापमान थोडं बदललं तर नवी चाचणी न घेता वेळ काढता येतो. कम-अपच्या काळाचं ४२ टक्के श्रेय त्यात प्रक्रियेला मिळतं. मी तिचा उपयोग वाफ मध्येच कमी पडली तर काय करायचं, याचा तक्ता बनवायला केला. दोन्ही पद्धतींची उत्तरं जवळपास जुळली तेव्हा खूप हायसं वाटलं.

चाचणीनंतर प्रोबचे डबे कापायचे. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. टोक अजून ठरल्या जागी आहे का, दाण्यांचं निथळलेलं वजन किती, तळाशी गोळा झालाय का, सगळं लिहायचं. एका डब्यात प्रोबच्या टोकावर एक दाणा आरपार टोचलेला होता. तो सोडवून दोन बोटांत दाबला तर अगदी आतपर्यंत लोण्यासारखा मऊ, कुठेही पांढरा कडक गाभा नाही. डब्यात दाण्याने आतपर्यंत पाणी ओढून घेतलं होतं याचा तोच पुरावा, आणि मी त्याची नोंदही केली.

मग नमुने इन्क्युबेशनला, म्हणजे उबेत ठेवून आत काही वाढतंय का ते पाहायला गेले: काही ३७ अंशांवर चौदा दिवस, काही ५५ अंशांवर सात दिवस. हा काळ मला जड गेला. हिशोब बरोबर असला तरी हा डबा कुणाच्या तरी ताटात उघडणार आहे, हे मनातून जात नव्हतं. रोज सकाळी जाऊन झाकणं दाबून बघायचे. एक समजून घ्या: इन्क्युबेशनमधून डबे चांगले निघाले म्हणून प्रक्रिया पुरेशी आहे हे सिद्ध होत नाही. थोडक्या डब्यांवरून लाख कोटींतल्या एकाबद्दल काहीच बोलता येत नाही. ती तपासणी सीम (झाकण आणि डब्याचा जोड) गळतंय का, थंड करायच्या पाण्यात क्लोरीन होतं का, असले दोष पकडते. पुरेसेपणाचा आधार हिशोब आणि सर्वांत वाईट डबा हेच. पीए ३६७९ चे बीजाणू घालून करायची चाचणी आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घेतली. ते बीजाणू उत्पादनाच्या इमारतीत कधीही आणू नयेत. तिथून अहवाल यायला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला, म्हणून नमुने लवकर पाठवून रांगेत नंबर लावून ठेवणं चांगलं.

मे महिना कागदांचा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची सीएसी/आरसीपी २३-१९७९ ही संहिता समोर ठेवून मी फाइल लावली: रिटॉर्टचं तापमान-वितरण, व्हेंटचं वेळापत्रक, प्रोबच्या अंशशोधनाचे दाखले, प्रत्येक डब्याचे कच्चे आकडे, हिशोब, सामूच्या नोंदी, सीमची मापं. फाइल प्रश्नांसह परत आली. एक प्रश्न होता: भरण्याचं वजन दाणे भिजवण्याआधीचं की नंतरचं? दुसरा: सुरुवातीचं तापमान कोणत्या डब्याचं आणि कोणत्या क्षणाचं? त्याचं उत्तर, क्रेटमधल्या सर्वांत थंड डब्याचं, ढवळून, वाफ सुरू करतानाचं. तिसरा: स्टार्चचा पुरवठादार कोण? प्रत्येक प्रश्नामागे असा एखादा डबा होता जो आमच्या चाचणीपेक्षा हळू तापू शकला असता, त्यामुळे उत्तरं लिहिताना चिडचिड झाली नाही. कच्चे आकडे मूळ फाइलमध्येच जपून ठेवा. गोल केलेले आकडे पाठवले की तेच पुन्हा मागवतात.

जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं. रिटॉर्टशेजारी नवा तक्ता लागला: डब्याचं माप, दाण्यांचं जास्तीत जास्त वजन, रसाची दाटपणाची मर्यादा, सुरुवातीचं तापमान किमान ६० अंश, व्हेंटच्या दोन अटी, कम-अपनंतर १२१ अंशांवर ६० मिनिटं. खाली ठळक अक्षरांत, यातली एकही बाब चुकली तर तो लॉट वेगळा ठेवायचा आणि गुणवत्ता विभागाला कळवायचं. संदर्भ तापमापक आणि चार्ट रेकॉर्डर यांत फरक दिसला तर खरा तापमापक मानायचा, आणि चार्ट कधीही तापमापकापेक्षा जास्त दाखवणार नाही असा लावून ठेवायचा. प्रत्येक चार्ट माल बाहेर पडण्याआधी तपासून सही करायची.

आता मोठ्या डब्याची मागणी आली आहे. निव्वळ झिरपणीने तापणाऱ्या घट्ट मालात, डब्याचं प्रमाण तेच असेल, तर एफ-एच मापाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि अंदाज बांधता येतो. आमचा वक्र तुटलेला आहे, आणि मोठ्या डब्यात तो कितव्या मिनिटाला तुटेल हे कागदावरून काढता येत नाही. त्यामुळे नवे प्रोब मागवले आहेत, आणि कोल्ड स्पॉट शोधण्यापासूनचं काम पावसाळा संपला की लावणार आहोत.